लपवलेलं कर्ज घरात कसं सांगायचं: आधी पूर्ण यादी, मग एकदाच सगळं

मी माझं कर्ज नवऱ्याला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितले ४,८३,०००, म्हणजे दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन. बाकीचं नंतर सांगू, एवढं पचू दे आधी, असं मी मनाशी ठरवलेलं. बारा दिवसांनी गोल्ड लोनच्या व्याजाचा मेसेज आला तेव्हा फोन ह्यांच्या हातात होता, आणि मग उरलेले २,२३,००० एकेक करत बाहेर आले. गहाण ठेवलेलं सोनं, उचललेली भिशी, तीन लोन ॲप, मैत्रिणीकडचे हातउसने. पहिल्या वेळी हे गप्प बसले होते पण रात्री जेवले होते माझ्यासोबत. दुसऱ्या वेळी जेवलेही नाहीत. त्यानंतर जवळजवळ वर्षभर घरात पैशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच यायचा, "अजून काय आहे?"

म्हणून हे लिहितेय. ज्यांनी बायकोपासून किंवा नवऱ्यापासून कर्ज लपवलंय आणि आता सांगायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये, त्यांच्यासाठी.

थोडं माझं सांगते. आम्ही नाशिकला राहतो, मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लॉकडाऊनमध्ये धाकट्या भावाचं दुकान बसलं, त्याला आधी कार्डावरून पैसे दिले, मग कार्ड फेडायला पर्सनल लोन, मग त्याचा हप्ता भरायला दुसरं कार्ड. यात उधळपट्टी काही नव्हती, पण लपवणं होतं आणि ते माझंच होतं.

एक गोष्ट सगळ्यात आधी. कर्जामुळे जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील तर यादीबिदी बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी त्या अवस्थेच्या जवळ जाऊन आलेय, म्हणून हे पहिलं लिहिलंय. आणि घरात मारहाण होत असेल तर एकट्याने समोर बसून सांगायला जाऊ नका. विश्वासातलं कुणीतरी, मोठा दीर असेल, मामा असतील, मैत्रीण असेल, त्यांना सोबत घ्या. बायकांसाठी १८१ नंबर आहे, लगेच धोका वाटला तर ११२.

सांगायच्या आधी: पूर्ण यादी

मी इथेच चुकले. डोक्यात आकडा होता तोच सांगितला, आणि डोक्यातला आकडा नेहमी कमी असतो कारण आपण हप्ते मोजतो, शिल्लक मोजत नाही. "महिन्याला वीस-बावीस हजार जातात" हे कर्ज नव्हे. आज सगळं एकदम फेडायचं म्हटलं तर किती लागतील, तो आकडा काढायचा.

पहिलं काम, क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद. भारतात असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि आरबीआयच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा, कुठल्यातरी ॲपवरून काढला की लगेच "तुम्हाला दोन लाख प्री-अप्रूव्हड" सुरू होतं आणि या काळात ते डोळ्यासमोर नकोच. रिपोर्टमध्ये बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), कार्डं, बरीचशी ॲपची कर्जं दिसतात. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही दिसतं, आणि ते लोक विसरतात.

रिपोर्टमध्ये न दिसणारं हाताने लिहा. भिशी उचलली असेल तर राहिलेले हप्ते. सोनाराकडची उधारी. ऑफिसातला ॲडव्हान्स. किराणा दुकानाची वही. मैत्रीण, मेहुणा, शेजारी यांचे हातउसने. सावकार असेल तर सावकार. माझी यादी अशी झाली: कार्ड एक १,३५,०००, कार्ड दोन ६२,०००, पर्सनल लोन २,८६,०००, गोल्ड लोन १,१०,०००, ॲप तीन मिळून ३८,०००, भिशीचे सात हप्ते ३५,०००, मैत्रीण ४०,०००. एकूण ७,०६,०००. ही यादी मी दुसऱ्यांदा उघडकीला आल्यावर केली, पहिल्या दिवशी केली असती तर ते वर्ष वाचलं असतं.

प्रत्येक कर्जापुढे व्याजदर, हप्त्याची तारीख, किती हप्ते चुकलेत, काय गहाण आहे, जामीनदार कोण आणि सही केलेले चेक कुणाकडे आहेत का, एवढं लिहा. वहीत लिहिलं तरी चालतं, एक्सेल पाहिजेच असं नाही.

आणि यादी झाली त्या दिवशी नवं उचलणं बंद. ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. एकदा सगळं सांगून झाल्यावर महिन्याभराने नवीन ॲपचं कर्ज निघालं तर मग समोरच्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर.

कधी आणि कुठे

मुलं घरात असताना नको, सासूबाई बाहेरच्या खोलीत असताना नको. गणपतीत, लग्नघरात, गावाला जत्रेला सगळे जमलेत तेव्हा तर अजिबात नको, कारण तिथे समोरच्या माणसाला धड चिडताही येत नाही आणि चेहरा मात्र हसरा ठेवावा लागतो. रात्री अकराला नको, दोघंही थकलेले असतात आणि नंतर कुणालाच झोप लागत नाही. व्हॉट्सॲपवर लिहून तर नकोच. दारू घेऊन धीर करून सांगणार असाल तर तेही नको, दुसऱ्या दिवशी "पिऊन बडबडला" एवढंच लक्षात राहतं.

सुट्टीची सकाळ बरी. मुलांना आत्याकडे किंवा मावशीकडे पाठवा. आदल्या दिवशी फक्त एवढं सांगा की उद्या मला पैशाबद्दल एक महत्त्वाचं बोलायचंय, तब्येतीचं काही नाहीये. हे शेवटचं सांगाच, नाहीतर माणूस रात्रभर भलतंच काहीतरी मनात आणतो.

पण चांगला मुहूर्त शोधत बसायचं नाही. मी आठ महिने शोधला, दिवाळी गेली, मुलीची परीक्षा गेली, ह्यांचं प्रमोशन गेलं, आणि कार्डाचं व्याज दर महिन्याला चढतच होतं. फार फार तर पुढचे दहा दिवस धरा.

पहिलं वाक्य

पहिल्या वाक्यात आकडा असू दे. "अहो, माझ्यावर सात लाख सहा हजारांचं कर्ज आहे, तुम्हाला माहीत नाही, मी लपवलं. ही पूर्ण यादी. यात नाही असं काहीही नाही." बस, एवढंच, आणि थांबायचं.

कारणं आधी सांगू नका. आपल्याला वाटतं की आधी परिस्थिती सांगितली की समोरचा समजून घेईल, पण त्याला त्या वेळी एवढंच जाणवतं की ही काहीतरी मोठं सांगणार आहे आणि लांबवतेय. "तुम्हाला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही" हे वाक्य मी वापरलं होतं आणि त्यावर ह्यांनी जे म्हटलं ते अजून आठवतं, "मला टेन्शन नको म्हणून नाही, तुला माझं तोंड बघायला नको होतं म्हणून." खरं होतं ते. कारण विचारलं की सांगा, आणि खरं सांगा. शेअर ट्रेडिंगमध्ये, ऑप्शनमध्ये घालवले असतील तर तसं. रमीत, बेटिंगमध्ये गेले असतील तर तसं. पैशाचे ऑनलाइन खेळ आता २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद आहेत, पण सवय कायद्याने सुटत नाही, त्यामुळे कारण जुगार असेल तर कर्जाच्या यादीसोबत "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय" हेही त्याच दिवशी सांगता आलं पाहिजे. नाहीतर कर्ज फिटेल आणि परत होईल.

यादी, रिपोर्ट, फोन, सगळं समोर ठेवा. पासवर्ड विचारला तर द्या. आणि मधेच "मी तरी काय करणार होते, तुम्ही लक्ष दिलं असतं तर" असं काही तोंडातून निघू देऊ नका, ते खरं असलं तरी त्या दिवशी नाही.

पुढचे काही दिवस

काही जण ओरडतात, काही जण रडतात, आणि काही जण आमच्या ह्यांच्यासारखे कपाट आवरायला लागतात. माफी लगेच मागा पण लगेच मिळावी अशी अपेक्षा ठेवू नका. तोच प्रश्न दहा वेळा येईल, "कधीपासून? तेव्हा आपण महाबळेश्वरला गेलो ते पैसे कुठले होते?" दहाही वेळा तेच उत्तर द्यायचं, न चिडता. तो माणूस मागची दोन-तीन वर्षं परत तपासून बघत असतो, काय खरं होतं काय खोटं होतं, आणि त्याला तो वेळ लागतो.

कुणाला सांगायचं हे मात्र दोघांनी मिळून ठरवा. ह्यांनी एकाच माणसाला सांगायची परवानगी मागितली, त्यांच्या मोठ्या बहिणीला, आणि मी हो म्हटलं. मला लाज वाटत होती पण सगळा भार एकट्याने मनात ठेवायची सक्ती मी त्यांच्यावर कशी करणार, मी स्वतः तेच केलं आणि त्याचं काय झालं ते समोरच होतं.

ज्याला सांगितलं गेलंय त्याच्यासाठी

हे वाचणारे कदाचित तुम्हीच असाल. तुम्हाला एवढंच सांगते की त्या आठवड्यात कशावरही सही करू नका. जोडीदाराच्या एकट्याच्या नावावरचं कार्ड किंवा पर्सनल लोन तुमच्यावर येत नाही, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरच येतं. वसुलीवाला "मॅडम तुम्ही पत्नी आहात, तुम्हाला भरावंच लागेल" म्हणतो, ते खरं नाही. मदत करायची असेल तर ठरवून करा, घाबरून नको.

आणि बायकांनो, सोनं. नवऱ्याने कर्ज सांगितलं की पहिली नजर कपाटातल्या डब्याकडे जाते. स्त्रीधन ही बायकोची एकटीची मालमत्ता आहे, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे परत स्पष्ट केलंय की ते दोघांचं सामायिक नसतं, अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याची राहते. द्यायचं असेल तर द्या, पण कुठला दागिना, किती ग्रॅम, कधी परत, हे लिहून ठेवा. नवरा-बायकोत लिहिणं विचित्र वाटतं, तरी लिहा.

आता दोघांनी मिळून: आधी घर, मग कर्ज

आठ-दहा दिवसांनी, आवाज खाली आल्यावर, वही घेऊन बसा. आमचा दोघांचा पगार मिळून ७३,०००. भाडं १२,०००, किराणा-दूध-गॅस-लाइट १४,०००, मुलीची शाळा आणि व्हॅन ६,५००, सासूबाईंची औषधं २,५००, पेट्रोल-मोबाइल ४,५००. हे आधी बाजूला काढलं. मग ३,५०० अडीअडचणीला. उरले ३०,०००, ते कर्जाला. लोक उलटं करतात, आधी सगळे हप्ते भरतात आणि वीस तारखेला किराण्यासाठी कार्ड काढतात, मग ते चक्र संपतच नाही.

क्रेडिट कार्डाचं गणित एकदा नीट बघा कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा गळतो. समजा १,००,००० शिल्लक आहे, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४,१३०. मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायची रक्कम, पाच टक्के धरला तर तुम्ही भरता ५,०००. मूळ रकमेतून कमी झाले फक्त ८७०. मी दीड वर्ष मिनिमम भरत होते आणि आपण वेळेवर भरतोय याचं मला समाधान वाटायचं.

क्रम काय लावायचा? हिशोबाने बघितलं तर ज्याचं व्याज जास्त ते आधी, बाकीच्यांचे फक्त ठरलेले हप्ते. काही लोक सगळ्यात लहान कर्ज आधी संपवतात, एक खातं बंद झालं की हुरूप येतो म्हणून. आम्ही दोन्ही थोडं थोडं केलं. ह्यांनी स्वतःहून त्यांची ९०,००० ची आरडी मोडली (मी मागितली नव्हती), त्यातून तिन्ही ॲपचे ३८,००० एका दिवसात संपवले कारण फोनचा त्रास तिथूनच होता, आणि उरलेले ५२,००० लहान कार्डात. पुढच्या महिन्यात ते कार्ड बंद.

मोठ्या कार्डासाठी मी आमच्या कंपनीच्या कामगार पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी १,३५,००० घेतले, दोन वर्षांचा हप्ता साधारण ६,३५०, आणि कार्ड पूर्ण भरून बंदचं पत्र घेतलं. कर्ज फेडायला कर्ज हे ऐकायला वाईट वाटतं, पण ४२ टक्क्यांचं १२ टक्क्यांवर येणं म्हणजे वाचलेला पैसाच आहे, अट एकच की जुनं कार्ड खरंच बंद झालं पाहिजे. ते चालू ठेवलं तर वर्षात दोन्ही कर्जं असतात. पतसंस्थेला दोन जामीनदार लागले, म्हणजे ऑफिसात दोघांना सांगावं लागलं. त्यातल्या एका काकांनी काही न विचारता सही केली, ते मी विसरणार नाही.

भिशी मोडता येत नाही, ती चालूच ठेवा, बाकीच्या बायकांचे पैसे त्यात अडकलेले असतात. मैत्रिणीला मी जाऊन सांगितलं की सात महिने काही देऊ शकत नाही, भिशी संपली की तेच ५,००० तुझे. आठ महिन्यांत ४०,००० फिटले. उसने देणारी माणसं थांबतात, पण आपण फोन उचलणं बंद केलं की थांबत नाहीत.

हप्ता झेपतच नसेल तर तो चुकण्याआधी बँकेत जा, नंतर नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळू शकतो, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पर्सनल लोन मुदतीआधी बंद करताना दंड किती ते करारात बघा. सेटलमेंटची ऑफर आली, "तीन लाखाचे दीड लाख भरा, विषय संपवा", तर लक्षात ठेवा की रिपोर्टमध्ये ते खातं 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घराचं कर्ज घेताना ते आडवं येतं. अगदीच मार्ग नसेल तरच, आणि ऑफर बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवर हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

वसुलीवाले

आरबीआयचा नियम आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर किंवा ऑफिसात अपमान, यातलं काहीच चालत नाही. वेळ, नंबर, काय बोलला, लिहून ठेवा, रेकॉर्ड करा. आधी बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, माहितीसाठी १४४४८. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

ॲपवाले फोटो मॉर्फ करून कॉन्टॅक्टमधल्या लोकांना पाठवायची धमकी देत असतील तर तो सायबर गुन्हा आहे, लगेच १९३०. मी जोडीदाराला सांगून झालेलं होतं म्हणून ती धमकी माझ्यावर चालली नाही. "तुझ्या नवऱ्याला सांगतो" म्हणाला, मी म्हटलं सांग, शेजारीच बसलेत.

खाजगी सावकार असेल तर त्याचं लायसन बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा पोलिसांकडे करता येते. कोरे चेक, सही केलेले स्टॅम्पपेपर दिले असतील तर वकिलाला आधीच दाखवा.

नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. पण दिलेला चेक बाउन्स झाला तर कलम १३८ ची फौजदारी केस होते, आणि बँकेतून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तशीच कारवाई होऊ शकते. नोटीस आली तर ड्रॉवरमध्ये ठेवू नका, मुदती कमी असतात. मी दोन पाकिटं न उघडता ठेवली होती, ती ह्यांनी उघडली.

दर महिन्याची बैठक

आमची ५ तारखेला, मुलगी झोपल्यावर, अर्धा तास. दोघांची खाती दोघांना दिसतात. वहीत प्रत्येक कर्जाची नवी शिल्लक लिहायची. दर चार महिन्यांनी मी माझा क्रेडिट रिपोर्ट काढून वहीत लावते, चार कंपन्यांचे फुकट रिपोर्ट आलटून पालटून घेतले की पैसेही लागत नाहीत. हे कुणी मला करायला सांगितलं नाही. "अजून काय आहे?" या प्रश्नाला माझ्या शब्दापेक्षा कागद बरा, असं मला वाटलं म्हणून सुरू केलं.

आणि दोघांना महिन्याला १,००० असे ठेवा ज्याचा हिशोब कुणी विचारायचा नाही. हे मला सुरुवातीला नको वाटत होतं, शिक्षा भोगल्यासारखं राहावं असं वाटायचं, पण प्रत्येक वडापावचा हिशोब द्यावा लागला की माणूस परत लपवायला शिकतो. हे पैसे ह्यांनीच ठरवले.

एकेक कर्ज संपलं की नो ड्यूजचं पत्र, दिलेले चेक परत, आणि बंद झालं हे रिपोर्टमध्ये आलंय का ते बघा. चुकीचं दिसत असेल तर त्या क्रेडिट कंपनीकडे तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्त नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई त्यांनी किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने, द्यायची असते.

आमची पावणेतीन वर्षं झाली. पतसंस्था संपली, मैत्रीण संपली, मोहनमाळ आणि बांगड्या गेल्या पाडव्याच्या आठवड्यात सोडवून आणल्या, आणायला आम्ही दोघं गेलो होतो. पर्सनल लोनचे चार हप्ते राहिलेत. भावाला मी अजून पैशाचं विचारलेलं नाही, तो विषय पुढच्या ५ तारखेच्या यादीत ह्यांनी पेन्सिलने लिहून ठेवलाय.